दासगावच्या पोस्टरवरचा कोड

दासगावच्या एसटी थांब्यावर चारुलताने पोस्टरवरचा कोड स्कॅन केला. पोस्टर तिचंच होतं. पण उघडला तो नंबर तिचा नव्हता.

तिने नखाने कोपरा खरवडला. वर दुसऱ्या कोडचा स्टिकर चिकटवला होता. त्याच्याही मध्यभागी हरवलेल्या चांगूचा हसरा चेहरा होता, डोक्यावर लाल टोपी.

चारुलता महाडच्या दुकानदारांना चित्रांचे क्यूआर कोड बनवून द्यायची. लोणच्याला कैरीच्या आकाराचा, तांदळाला भाताच्या लोंब्यांचा. कापडे गावच्या ठमाबाईंचा हा मुलगा हरवला, तेव्हा तिने कोडमध्ये त्याचाच चेहरा बसवला होता. चाळिशीचा चांगू जेमतेम बोलायचा. गावाचं नावही त्याला सांगता यायचं नाही. कोड स्कॅन करणाऱ्याचा निरोप थेट चारुलताच्या व्हॉट्सअ‍ॅपवर यायला हवा होता. तीन दिवसांत एकही आला नव्हता.

थांब्याच्या बाकावर ठमाबाई बसल्या होत्या. तीन दिवस त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. शेजारी पुतण्या स्वराज उभा होता.

"चांगू गेला तेव्हा त्याच्या अंगावर काय होतं?" चारुलताने विचारलं.

"निळा सदरा. टोपी घरीच राहिली. सांगितला ना तुला, गो."

"पोस्टर कोणी लावले?"

"स्वराजनं. गाडीवरनं फिरला बिचारा."

"आणि टोपीतला तो फोटो?"

"यानंच काढलेला. आनी कुणाकडं नाय."

चारुलता स्वराजकडे वळली. "चांगू टोपी न घालता गेला, म्हणून मी माझ्या कोडमधली टोपी काढून टाकली होती. स्टिकरवर ती आहे. म्हणजे हा कोड मूळ फोटोवरून बनवलाय. तो फक्त तुझ्याकडे होता आणि तू मला पाठवलास."

"मोबाइलवर कोणीपन बनवतो."

"बनवतो. पण फोटो कुठून आणेल?"

तिने स्टिकरवरच्या नंबरला फोन लावला. स्वराजच्या खिशात मोबाइल थरथरला.

ठमाबाईंनी हात पुढे केला. "दे."

स्वराजने मोबाइल त्यांच्या हातात ठेवला. "तुडीलच्या रस्त्याला गाडी घसरली, काकी. मी प्यायलेलो, चांगूदादा मागं बसलेला. त्याचा पाय मोडला. मी घाबरून पळालो. सापडला की माझाच नाव घेईल, असा वाटला."

चारुलताने ठमाबाईंकडून मोबाइल घेऊन उघडला. तुडीलच्या गीताबाईंचे आवाजातले सहा निरोप होते. "तुमचा मानूस माझ्याकडं हाय. पाय मोडलाय, ताप हाय. लवकर या." प्रत्येकाखाली स्वराजचं उत्तर होतं: डॉक्टर घेऊन निघालोय, कुणाला सांगू नका, तो घाबरतो.

तुडीलला जाणाऱ्या रिक्षात तिने स्वराजला शेजारी बसवलं. रुग्णवाहिकेला आणि पोलिसांना वाटेतूनच फोन केला.

गीताबाई दारातच उभ्या होत्या. "किती वाट बघायची? रात रात कन्हतो तो."

ओटीवर चांगू पडला होता. पायाला आधाराला बांबूच्या कामट्या बांधलेल्या, डोळे खोल गेलेले. ठमाबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याची नजर मात्र त्यांच्या खांद्यावरून दाराकडे गेली.

"स्वराज," तो अडखळत म्हणाला, "तुला लागला नाय ना?"