कोंडीबाच्या अर्जावरचा भंडारा

"सुभेदार, पैसं न्हाईत."

गुरुवारी सकाळी आठला कोंडीबा फोनवर एवढंच बोलला. लालासाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली.

"कुठलं पैसं?"

"फंडातलं. धा लाख. आठ दिवस झालं मला कळून."

"आन आज सांगतोस व्हय?"

"लाज वाटली. आज संध्याकाळी पाचपतूर चार लाख भरायचं हायत दवाखान्यात. न्हाई भरलं तर रंगू जाती."

लालासाहेब फौजेत बावीस वर्षं पगार-कचेरीत खपलेले. आता साताऱ्यात दोस्तमंडळींचे कागद फुकटात भरून द्यायचे. कोंडीबा एमआयडीसीतला फिटर. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला तेव्हा हातात वीस लाख आले, ते कुठं ठेवायचे हे ठरवायला लालासाहेबच बसले होते. 'रोखे म्हणजे भाकरी, फंड म्हणजे कालवण,' असं सांगून दहा लाख सात वर्षांच्या सरकारी रोख्यांत घातले, दहा लाख तीन म्युच्युअल फंडांत. रोखे मुदतीआधी मोडता येत नव्हते. तेच बरं, हात लागणार नाही, असा हट्टही यांचाच. आता फंड गेले, रोखे हलत नव्हते, आणि सांगलीच्या दवाखान्यात कोंडीबाची बायको रंगुबाई काळजाची झडप निकामी होऊन पडली होती. बाहेरून येणारा सर्जन उद्या सकाळचा. तो हुकला की पुन्हा तीन आठवडे, आणि डॉक्टर स्वच्छ म्हणाले होते की तेवढे दिवस त्यांच्याकडं नाहीत.

आपणच या माणसाला बुडवला, असं मनाशी म्हणत लालासाहेबांनी पायांत चपला सरकवल्या.

कोंडीबा घरात फाईल पुढ्यात घेऊन बसला होता. दाढी वाढलेली. मोबाईलवर एका अर्जाचा फोटो होता, एजंट कृष्णातनं पाठवलेला. फंड मोडून ते पैसे चौदा टक्के देणाऱ्या सांगलीच्या एका नव्या कंपनीच्या रोख्यांत घालावेत, असा अर्ज. खाली कोंडीबाची सही, सहीवर भंडाऱ्याचं पिवळं बोट. सोबत सही केलेला चेकही गेला होता.

"पोलिसांत गेलास?"

"गेलो की. फौजदार म्हणलं, सही तुमचीच हाय आजोबा, इसरला असाल." कोंडीबानं कपाळावर मूठ मारली. "सही माझीच दिसती गड्या. मग म्या कवा केली? डोस्कं गेलं का माझं? काल दुधाचं पातेलं गॅसवर इसरलो. ह्येबी तसंच झालं असंल."

"गप. फाईल दे."

चेकबुकातला शेवटचा चेक फाडून नेलेला होता. तीन जुने अर्ज मात्र जागच्या जागी. लालासाहेबांनी ते खिडकीपाशी नेले. प्रत्येकावर सहीच्या जागी भंडाऱ्याचं पिवळं बोट. ही कोंडीबाची रीत. बिरोबाला विचारल्याशिवाय हा माणूस बैलसुद्धा घ्यायचा नाही, मग फंड कसला घेतोय? रविवारी पहाटे ओलेत्यानं बसायचा, देवाच्या टाकाला दोन कळ्या लावून कौल घ्यायचा. उजवी पडली की कागदाला भंडाऱ्याचं बोट, मग पेन. डावी पडली की कागद परत. लालासाहेबांनी महिनाभर अभ्यास करून निवडलेला एक चांगला फंड बिरोबानं असाच नाकारला होता. त्या दिवशी लालासाहेब देवावर आणि भक्तावर सारखेच चिडले होते.

जुन्या सह्या मात्र अगदीच गबाळ्या. शाई जागोजागी तुटलेली, अक्षरं अडखळलेली. लालासाहेबांनी तेव्हा पेन खराब म्हणून नवं आणून दिलं होतं, तरी तेच.

"ही फाईल अशी झकपक लावली कुणी?"

"जावयानं. राजवर्धननं. रंगूला न्यायला आलता मागल्या म्हैन्यात, तवा दिवसभर बसून लावली. लय कामाचा पोरगा." राजवर्धन सांगलीत हळदीच्या अडतीत दिवाणजी होता.

दहाला दोघं कृष्णातच्या ऑफिसात पोचले. कोंडीबा त्याची गचांडीच धरणार होता. लालासाहेबांनी त्याला बाकावर दाबून बसवला.

"हे कागद तुला कुणी आणून दिले?"

"कुणी न्हाई, सुभेदारसाहेब. लिफाफा दाराखालनं सरकवलेला हुता."

"आणि तू डोळे झाकून पुढं पाठवलास?"

"भंडारा बघितला की. दोन वर्षांत ह्यांचा एक कागद भंडाऱ्याबिगर आला न्हाई. फोन केलता, ह्यांनी उचलला न्हाई."

"कमिशन किती ठरलं होतं?"

कृष्णातनं मान खाली घातली. "चार टक्के. लिफाफ्यातच चिठ्ठी हुती. अजून मिळालं न्हाई."

"मूळ अर्ज कुठाय?"

"माझ्याकडंच. फंड मी ऑनलाइन मोडलं, चेक कंपनीच्या खात्यात भरला. अर्जाचा त्यांनी नुसता फोटो मागितला."

"मूळ कागद नको म्हणणारी कंपनी, आणि तुला शंका आली नाही. वा रे एजंट."

लालासाहेबांनी अर्ज उजेडात धरला. सही एका दमात केलेली, ठसठशीत, कुठंही तुटलेली नाही. वर पिवळं बोट. त्यांनी नखानं हळूच खरवडलं. पिवळं निघालं, खालची शाई तशीच राहिली. सोबत आणलेले तीन जुने अर्ज त्यांनी त्याच्या शेजारी धरून पुन्हा पाहिले.

"कृष्णात, कौलाच्या वेळी तू कुठं बसायचास?"

"देवापुढंच, ह्यांच्या शेजारी. टोपण काढून पेन मीच हातात द्यायचो."

"ठीक. हा अर्ज मी नेतोय." लालासाहेब उठले. "कोंडीबा, ह्यानं गाढवपणा केलाय, पण चोरी न्हाई केली. चल, बस गाठू."

बस कराडच्या पुढं गेली तरी कोंडीबा एकच विचारत होता, पाचपर्यंत होईल ना? लालासाहेब दर वेळी त्याला किती वाजले तेवढंच सांगत होते.

सांगलीत उतरल्यावर आधी मार्केट यार्ड. अर्जावरच्या पत्त्यावर गाळ्याला गंजकं कुलूप होतं. शेजारचा हमाल म्हणाला, "दोन वर्सं बंद हाय ह्यो गाळा. कसली कंपनी आन कसलं काय." कोंडीबा तिथंच पायरीवर बसला. त्याला दंडाला धरून उठवावं लागलं.

साडेतीनला दोघं दवाखान्यात पोचले. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर कोंडीबाची लेक अपेक्षा बसली होती, तिच्या शेजारी राजवर्धन. अपेक्षाचे डोळे रडून सुजलेले.

"आबा, पैशाचं काय झालं?"

कोंडीबा बाकाच्या टोकाला टेकला. लालासाहेब समोर बसले.

"जावईबापू, मामांची फाईल तुमी लय झ्याक लावलीय."

"त्यात काय, काका. सगळ्या कागदांचे फोटोपण काढून ठेवलेत."

"मामांच्या कौलाला कधी बसलात?"

"रविवारी पहाटे साताऱ्यात कसा पोचणार मी? पण माहीत आहे सगळं. सही झाली की कागद देवाला दाखवतात, मग भंडारा लावतात."

अपेक्षानं मान वर केली. "आधी लावत्यात. भंडारा आधी, सही मागनं. मी ल्हानपणापासनं बघतीय."

"असेल. आधी काय, नंतर काय," राजवर्धन म्हणाला.

"सगळं तिथंच हाय," म्हणत लालासाहेबांनी चारही अर्ज बाकावर मांडले. "हे तीन खरे. भंडाऱ्यावर पेन चालत न्हाई, अडखळतं. म्हणून सही तुटकी. मी दोन वर्षं पेनाला शिव्या दिल्या. हा चौथा बघा. शाई सलग हाय आणि पिवळं शाईच्या वर. आधी सही, मग भंडारा. कोंडीबाच्या हातनं असं जन्मात व्हायचं न्हाई."

"मग त्या एजंटनं केलं असेल."

"कृष्णात दरवेळी शेजारी बसून पेन द्यायचा. त्याला क्रम पाठ हाय. रंगुबाईंना पाठ, अपेक्षाला पाठ, मला पाठ. आमच्यापैकी कुणी खोटा कागद केला असता तर भंडारा आधी लावला असता. हे ज्यानं केलं त्यानं पुरे झालेले कागद बघितले, पण कागद पुरा होताना कधी बघितला न्हाई. तो फाईल घेऊन दिवसभर बसला, सहीचा फोटो घेतला, गिरवली. चेकबुकपण तिथंच हुतं. मार्केट यार्डात कुठला गाळा बंद असतो, हे त्याला अडतीवर जाता-येता रोजच दिसतं. असा माणूस मला तरी एकच ठाऊक हाय."

राजवर्धन उभा राहिला. "एवढ्यावरून तुम्ही मला चोर ठरवता?"

अपेक्षानं हात पुढं केला. "मोबाईल द्या."

"अपेक्षा, तूसुद्धा?"

"द्या म्हणते ना. खोटं असंल तर मी काकांना तुमच्या पाया पडायला लावीन."

तो मोबाईल देईना. तिनं हात मागं घेतला नाही. शेवटी राजवर्धन बाकावर बसला आणि बोलू लागला. हळदीच्या वायदेबाजारात आधी स्वतःचे गेले. ते भरून काढायला अडतीतल्या ओळखीच्या माणसाकडून कंपनीच्या नावाचं खातं उघडून घेतलं, मामांचे दहा लाख त्यात वळवले आणि तेही वायद्यात लावले. दोन महिन्यांत परत टाकणार होतो, म्हणाला.

"किती उरलेत?" लालासाहेबांनी विचारलं.

"चार लाख वीस हजार."

लालासाहेबांनी घड्याळ बघितलं आणि त्याला दंडाला धरून काउंटरवर नेलं. चार चाळीसला पावती हातात पडली.

परत आले तेव्हा कोंडीबा तसाच बसला होता.

"मामा, घरातलं घरात मिटवू," राजवर्धन म्हणाला. "अपेक्षाचा तरी विचार करा."

"तूच रंगूला पयल्यांदा डाक्टरकडं नेलंस," कोंडीबा सावकाश म्हणाला. "तिचं काळीज कसं हाय, घरात पयलं तुला कळलं. त्येच्यानंतर तू माझी सही गिरवलीस. आठ दिवस मी सोताला येडा समजत हुतो रं. रातच्याला सोताचं नाव लिहून बघायचो, येतंय का म्हणून."

लालासाहेबांनी कोऱ्या कागदावर फौजदारांच्या नावे तक्रार लिहिली, मोठ्यानं वाचून दाखवली आणि कोंडीबापुढं ठेवली.

"कौल घेणार?"

"न्हाई. ह्ये मला कळतंय."

त्यानं पेनासाठी खिसे चाचपले. पेन नव्हतं. अपेक्षा उठली. ॲडमिशनचे फॉर्म भरायला घेतलेलं पेन तिनं पर्समधून काढलं, टोपण उघडलं आणि बापाच्या हातात दिलं. नवऱ्याकडं तिनं बघितलं नाही.

कोंडीबानं कनवटीची पुडी सोडली. चिमूटभर भंडारा बोटावर घेतला आणि कागदाच्या तळाशी टेकवला. मग सही केली. पेन पिवळ्यावर अडखळलं, शाई दोन ठिकाणी तुटली. त्यानं कागद डोळ्यांजवळ नेऊन ती तुटकी सही नीट बघितली, आणि लालासाहेबांकडं दिला.

"ही माझी हाय," तो म्हणाला.