उजवीकडचा आवाज

गाडी आली ती मान डोलावतच. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर होता. त्यावरून ती एकदाच उतरली, पण मग गॅरेजच्या दारापर्यंत नाक वर-खाली, वर-खाली... इंजिन बंद झालं तरी तिचं चालूच. समोरच्या शिंप्याला वाटलं आपल्यालाच हाक मारतेय, तो बिचारा "आलो, आलो" करत बाहेर आला.

छोटी मिस्त्री रॅम्पखालून बाहेर आली. छोटी मिस्त्री म्हणजे गॅरेजच्या मालकाची, मोठ्या मिस्त्रींची लेक. त्याच सकाळी बाबांनी तिला पुढचा रॅम्प दिला होता.

"आजपासून शॉक-स्ट्रटची कामं तुझी," ते म्हणाले होते. "पण माझ्या दारातून दुरुस्त होऊन गेलेली गाडी आवाज करत परत येत नसते. एकदा आली तर चूक म्हणेन. दुसऱ्यांदा आली, तर रॅम्प तुझ्या चुलतभावाचा."

चुलतभाऊ काडीनं दात कोरत हसला होता. ते हसू तिच्या टाळक्यात बसलं होतं.

गाडीतून उतरला तो उंच, लाजरा माणूस. कोपरापर्यंत क्रीम, एका भुवईवरही क्रीम.

"मॅडम, ही गाडी..."

"मॅडम नका म्हणू. जॅक सटकतो."

त्यानं खरंच जॅककडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरला. तिनं बाहीत तोंड घालून हसू दाबलं.

"मी केक करतो," तो म्हणाला. "जरा मागच्या सीटवर बघा... तीन मजली होता हो! घरून निघतो तेव्हा इमारत असते, पोचतो तेव्हा बैठं घर."

तिनं वाकून बघितलं. "बैठं कुठलं? हे तर आडवं झालंय."

मग तिनं बॉनेटच्या कोपऱ्यावर तळवा ठेवला, दाबला, सोडला. गाडी पुन्हा नाचायला लागली.

"हादरे गिळणारा शॉक धड असला, तर गाडी दाबली की एकदा उठते आणि गप्प बसते. तुमची बघा, लाडावलेल्या पोरासारखी. तेल गळून गेलंय सगळं. पुढचे स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग घातलेले शॉक, आणि मागचे साधे, सगळे बदलायला हवेत."

"नुसता डावा बदलला तर?"

"जोडीनंच बदलतात. एक तरणा नि एक म्हातारा, कसं जमायचं? गाडी लंगडेल."

"जोडीनं..." तो म्हणाला, आणि उगीचच लाल झाला.

गाडी ठेवून त्यानं खरं तर संध्याकाळी यायचं होतं. पण तो एका टायरवर बसला तो बसलाच. ती स्प्रिंग क्लॅम्पमध्ये आवळायला लागली. हे काम जपून करायचं असतं. आवळलेली स्प्रिंग निसटली तर विचारू नका! चुलतभावाच्या हातून एकदा निसटली होती, ती पत्रा फोडून जी आभाळात गेली, ती अजून खाली आलेली नाही.

"श्वास घ्या," ती मान वर न करता म्हणाली. "स्प्रिंग मी दाबतेय, तुम्ही नाही."

"हात बघतोय तुमचे," तो हळूच म्हणाला. "एवढी ताकद... आणि नट उचलता कसा, मी साखरेची पाकळी उचलतो तसा."

तिचे कान तापले. नशीब, त्यांवर ग्रीस होतं.

शेवटचे बोल्ट तिनं गाडी चाकांवर उभी करूनच आवळले. अधांतरी आवळले की आतलं रबर पिळवटतं. मग चाकं सरळ रेषेत लावून घेतली. तोवर हा पळत जाऊन नवा तीन मजली केक घेऊन आला. "परीक्षा घेऊ या."

ती चालवत होती, तो शेजारी. गावातला एकही स्पीडब्रेकर तिनं सोडला नाही. आरशात केकवरचा गुलाब दिसत होता. पाकळ्या इतक्या पातळ, की त्यांतून उजेड आरपार.

"हा... हातानं केलात?"

"हो."

"काय सुंदर आहे हो," ती म्हणाली, आणि पुढचा खड्डा तिला दिसलाच नाही. पण केक ढिम्म! त्यावर माशी बसली होती म्हणतात, तीसुद्धा उठली नाही.

तो आभार मानून गेला. गॅरेज एकदम रिकामं वाटायला लागलं. गाड्या तर सात-आठ उभ्या होत्या!

आठवडा सरतोय तोच तो परत दारात. "आवाज येतोय... डावीकडून. खडखड, खडखड."

बाबांची भुवई वर गेली. "झाली एक," ते म्हणाले. चुलतभावानं तोंडातली काडी काढली.

तिनं एकूण एक बोल्ट तपासला. सगळे घट्ट. शेवटी बॉनेट उघडून डाव्या स्ट्रटच्या डोक्यावरची रबरी टोपी उचलली. आत क्रीमच्या पिशवीचं नोझल! चांदणीच्या तोंडाचं, गुलाबी क्रीम वाळलेलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्याची मस्करी होईल आणि माझा रॅम्प जाईल! तिनं बॉनेटआडून डोकावलं. हा टायरवर बसून चाकाच्या चकचकीत झाकणात बघत भांग पाडत होता. भांग काही केल्या सरळ पडेना...

राग गळून गेला, जुन्या शॉकमधल्या तेलासारखा.

आणि मग कुठल्याच मिस्त्रीनं करू नये ते तिनं केलं. उजवीकडची टोपी उचलली, नोझल तिथे टाकलं, टोपी दाबून बसवली.

"सापडलं?" त्यानं विचारलं.

"नीटसं नाही... वाजलं तर या."

त्या रात्री तिला झोप कुठली! आला तर रॅम्प जाणार. आणि नाही आला तर...?

तो आला. उतरला, आणि थेट तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "आवाज डावीकडून होता. आता उजवीकडून येतोय. असं होतं का कधी?"

"जुन्या गाड्यांना... होतं."

"झाल्या दोन!" बाबा कडाडले. "पुतण्या, इकडे ये. पाना घे तिच्या हातून. रॅम्प आजपासून तुझा."

केकवाला आपल्याच आयसिंगसारखा पांढरा पडला. "अहो काका, थांबा! काम चोख आहे त्यांचं. खोट माझ्यात आहे. नोझल मी टाकलं होतं, डावीकडे. यायला कारण नव्हतं... आणि आल्यावाचून राहवत नव्हतं."

रॅम्प वाचला होता. ती गप्प बसली असती, तरी चाललं असतं.

"आणि उजवीकडे मी टाकलं, बाबा."

चुलतभावाच्या तोंडातली काडी खाली पडली.

बाबांनी टोपी उचलली, नोझल काढलं, फुंकर मारून पुसलं. "शॉक बिघडला तर दबका वाजतो. हा पहिल्यापासून पत्र्याचा आवाज. मला काय बहिरा समजलात दोघं? म्हटलं बघू, आधी कोण तोंड उघडतं." नोझल त्यांनी त्याच्या हातावर ठेवलं. "रॅम्प तिचाच. आणि तुम्हाला हो, यायला कारण कशाला लागतं? तोंड नाही?"

"आहे... पण त्यांच्यासमोर खडखडतं."

बाबा हसत आत गेले, जाताना पुतण्याला कानाला धरून घेऊन गेले.

तिनं बॉनेटचा कोपरा दाबला. गाडी एकदा उठली आणि गप्प. "बघा. काही नाही हलत."

"गाडीचं सांगताय होय," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "इथलं अजून थांबत नाहीये."

"राहू दे," ती म्हणाली. "तेवढं एक मी दुरुस्त करणार नाही."

त्यांच्या लग्नाचा केक त्याच गाडीतून आला. सात मजली. टप काढावा लागला गाडीचा! सगळे स्पीडब्रेकर पार केले, पण गुलाबाची पाकळी हलली नाही. माशी तीच होती म्हणतात. नवरीनं सुरी धरली, त्यानं तिच्या हातावर हात ठेवला, आणि तेवढ्यात चुलतभावाच्या बशीशेजारी आभाळातून धप्पकन काहीतरी पडलं.

बघतात तर काय, स्प्रिंग!