पांढरा क्रौंच आणि रिकामा कॅमेरा

छोट्याला दुर्बिणीतून नुसतं काळं दिसत होतं.

"ढगाळलंय वाटतं," तो म्हणाला.

"डोकं ढगाळलंय तुझं!" ताई म्हणाली. ताई खासगी गुप्तहेर. छोट्या तिचा धाकटा भाऊ, पंचेचाळिशीचा, स्वतःची बेकरी असलेला. पण ताईपुढं छोट्या तो छोट्याच.

पक्षी दाखवायला आलेली गाईड हसली. "भिंगाभोवतीची रबरी कड दुमडलीत तुम्ही. चष्मा असेल त्यानंच दुमडायची. नसेल तर उभी ठेवा. माझी कायम उभीच असते. नाहीतर डोळा फार जवळ जातो आणि काळं दिसतं."

छोट्यानं कड उभी केली आणि काय सांगावं, झाडाचं पान न् पान दिसायला लागलं! खुशीत येऊन त्यानं भिंग स्वेटरनं पुसायला घेतलं, तोच जाड चष्म्याचे निवृत्त शिक्षक ओरडले, "अहो, अहो! अंगावरच्या कपड्यानं भिंगाला ओरखडे पडतात!" सरांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, त्यातलं पिवळं फडकं त्याला दिलं आणि काम होताच घडी घालून परत ठेवलं.

शरदातली कोवळी सकाळ, सहलीचा पहिला दिवस. उत्तरेकडचे पक्षी तळ्यावर उतरायला लागले होते. गाईड पुढं तळ्याकाठच्या लाकडी खोपटात गेली. ताई आणि छोट्या विश्रामगृहात चहा घेत बसले, बाकीचे तिघे, म्हणजे सर, एक फोटोग्राफर आणि दातांच्या एक डॉक्टर, पायवाटेवर पांगले.

पंधरा मिनिटांत गाईड धापा टाकत दारात.

"आला! पांढरा क्रौंच आला! अकरा वर्षं वाट बघतेय मी! फोटोही काढलेत. चला, चला ना!"

छोट्या कप टाकून पळत सुटला. वाटेत हाका मारून तिघांनाही गोळा केलं. पण खोपटात पोचेपर्यंत क्रौंच उडाला होता, आणि बाकावरच्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड गायब होतं.

गाईड मटकन खाली बसली. "आज बारा वाजता नगरपालिकेची बैठक आहे. तळं बुजवून गोदामं बांधायचीत त्यांना. क्रौंच येतो याचा पुरावा दिला तरच थांबतील. नुसत्या माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?" तिला रडूच फुटलं.

 काहीतरी करावं म्हणून छोट्यानं तिच्या तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला. "हिच्यातूनही काळंच दिसतंय. दव पडलं असेल."

"हात लावू नकोस!" ताईचे डोळे चमकले. "गाईडबाई, ही तुम्ही कशी सोडली होतीत?"

"क्रौंचावर रोखलेली. तशीच टाकून धावले."

ताईनं दाराबाहेर एकेकाला विचारायला सुरुवात केली. उंच फोटोग्राफर फणकारला, "मी खोपटामागं सुतारपक्षी शोधत होतो. जळलो, हे कबूल! पण चोरी? छे! नजर माझी घारीची, चष्मा नाही की काही नाही. तरी कुणाला आत जाताना पाहिलं नाही बुवा."

दातांच्या डॉक्टर वहीत पक्ष्यांची यादी लिहीत होत्या. "मी काठावर होते," त्या म्हणाल्या. तेवढ्यात वरून ससाणा गेला. त्यांनी झटकन चष्मा काढून साखळीवर सोडला आणि दुर्बीण लावली. "हा फक्त वाचायला लागतो हो. लांबचं लख्ख दिसतं."

सर सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत होते.  "मी बाकड्यावर बसलो होतो," ते पुटपुटले.

"झालं," ताई म्हणाली. "सगळे आत या."

छोट्या सगळ्यांत आधी आत शिरला. ताई असं म्हणाली की संपलंच.

"आमच्या छोट्याला आज दोनदा काळं दिसलं. पहिल्यांदा त्याचा वेंधळेपणा. दुसऱ्यांदा मात्र गाईडच्या दुर्बिणीची कड दुमडलेली होती, आणि यांची कड कायम उभी असते. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी तिला डोळा लावला. चोर कार्ड घेऊन गुपचूप निघून गेला असता. पण समोर पांढरा क्रौंच! त्याला बघितल्यावाचून राहवलंच नाही. कड दुमडली, म्हणजे चष्मा लावून लांबचं बघणारा माणूस. तसे इथं एकच आहेत."

"अगं, पण सर?" छोट्या कळवळला.

"कपड्यानं भिंग पुसू नये म्हणणारे सर स्वतःचा चष्मा सदऱ्यानं का पुसतात? कारण चष्म्याचं घर चारचौघांत उघडायची सोय राहिली नाही. दाखवा, सर."

सरांनी घर उघडलं. पिवळ्या फडक्यावर कार्ड होतं.

"तीस वर्षांपूर्वी," ते कसेबसे म्हणाले, "असाच एक दुर्मीळ पक्षी पाहून मी पेपरात बातमी दिली. दुसऱ्या दिवशी ही गर्दी लोटली! तो पुन्हा कधी आला नाही. आज गाईडबाई धावताना दिसल्या, मी खोपटात डोकावलो आणि वाटलं, याचा फोटोच नको. बैठकीचं ऐकलं आणि पायाखालची जमीन सरकली. पण चोर ठरेन म्हणून तोंड उघडेना."

"तळंच गेलं असतं, सर!" गाईड ओरडली. कार्ड तिनं मुठीत गच्च धरलं होतं. 

छोट्याला तो अवघडलेपणा सोसेना. त्यानं मोठ्या दुर्बिणीची कड उभी केली आणि डोळा लावला.

"ताई!" तो किंचाळलाच, मग आवाज दाबून म्हणाला, "ताई, पांढरं... केवढं मोठं! अगं, उतरतोय तो!"

एकच झुंबड उडाली. डॉक्टर टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या, फोटोग्राफरनं त्यांचे हात धरले. गाईड दुर्बिणीतून बघत होती, हसत होती आणि डोळे पुसत होती. सर मात्र दाराशीच उभे होते, मान खाली घालून.

गाईडनं वळून त्यांच्याकडं पाहिलं.  मग तिनं अंगठ्यानं दुर्बिणीची रबरी कड हळूच दुमडली.

"या, सर. लवकर या, उडून जाईल. आणि बारा वाजता माझ्याबरोबर बैठकीला यायचं. काय पाहिलंत ते तुमच्या तोंडानं सांगायचं."

सर चष्मा सावरत पुढं आले.