तोराझोनं दाखवलेली दरी

सांगा सांगा म्हणून डोकं खाल्लंत, म्हणून सांगतो. एकदाच. मधे कुणी बोललं तर उठून जाईन.

आमच्या डोंगरात सप्टेंबर सरत आला की एका सकाळी धुकं खाली उतरतं आणि लाल पाइनच्या मुळाशी अळंबी डोकं काढते. तिची जागा बाप मरताना पोराच्या कानात सांगतो. तोराझोलाही तशीच कळली. त्यानं बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता.

तीन वर्षांमागं त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ कुनिजी, अळंबीला गेला तो परतला नाही. दुपारी आम्ही बारा जण शोधायला निघालो.

"कुठं गेला असेल रे?" मी तोराझोला विचारलं.

तोराझोनं सकाळीच कुनिजीला आपल्या त्या जागेकडं वळताना पाहिलं होतं. पण बारा माणसं तिथं पोचली की बापाची जागा गावाची झाली. त्यानं पलीकडच्या दरीकडं बोट दाखवलं. ही माणसं तिकडं वळली की एकटाच जाऊन त्याला आणीन, असं त्याच्या मनात. पण धुकं दाटलं, वाट दिसेना. पहाटे पोचला तेव्हा कुनिजी मोडका पाय पसरून पाइनला टेकलेला. गार. त्याला पाठीवर घेऊन तोराझो खाली ओढ्यापर्यंत आला, आणि मग त्यानं आम्हाला हाक मारली.

गेल्या वर्षी तो पुन्हा वर गेला. दुपारच होती, पण उजेड राखेसारखा. ओल्या पानांचा कुजका वास. तो वाकून माती उकरत होता, तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच बोललं.

"दाजी... माणसं येतायत ना?"

तोराझो वळला नाही. "येतायत. बस तू."

"कुठल्या वाटेनं?"

तोराझो माती उकरत राहिला.

"पाय दुखत नाही आता. नुसतं सांगा, दाजी... कुठल्या वाटेनं?"

आणि तोराझोचा हात आपसूक वर झाला. पलीकडच्या दरीकडं.

त्या दरीतून लगेच हाका उठल्या, कुनिजीच्या नावानं. बारा आवाज.

घरी येऊन त्यानं बायकोपुढं चटईला कपाळ टेकलं, सगळं सांगितलं. कुनिजीच्या थडग्याशी दिवसभर बसला. म्हणून काय झालं? यंदा धुकं उतरलं आणि हाका आम्हा सगळ्यांना ऐकू आल्या. मी ओसरीवर मुळे चिरत बसलेलो, तोंड मिटलेलं, आणि तिकडं दरीत माझाच आवाज त्या पोराला बोलावत फिरतोय. घसा बसलाय त्या आवाजाचा. गेल्या आठवड्यापेक्षा दरीत आणखी खोल गेलाय.

बायकोपुढं झालं, थडग्यापुढं झालं. वाट विचारली होती ती मी, आणि माझ्यापुढं अजून डोकं नाही टेकलं तोराझोनं.