बहात्तर किलोंची घट

नगरपरिषदेच्या गोदामात साठ गाद्या होत्या. पुढच्या गाद्यांसाठी आलेला रुईचा एक सीलबंद बोरा. एक वजनकाटा. अनुपमानं प्रत्येक गादी काट्यावर ठेवली, खोळीचं वजन वजा केलं. सर्वांत हलकी ८.७ किलो, सर्वांत जड ८.९. प्रत्येकीत दहा किलो रुई हवी होती.

एकूण घट बहात्तर किलो.

ती नगरपरिषदेच्या पाणी तपासणी कक्षात कामाला होती. सकाळीच मुख्याधिकाऱ्यांचा फोन आला होता, "मोजमाप कळणारं माणूस हवंय. लगेच या."

त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि गावातली दुकानं बसली. लग्नसराईतही कुणी गादी भरून घेईना. म्हणून नगरपरिषदेनं दवाखान्याच्या गाद्यांचं काम गावातल्या पिंजाऱ्यांना दिलं. रुई ठेकेदार हिंमतरावची, भरणं गुलाम रसूलचं. आता पुढच्या साठ गाद्या थांबल्या होत्या. गुलाम रसूलवर चोरीची तक्रार लिहून तयार होती. फक्त सही बाकी होती.

ती त्याच्या घरी गेली.

"चाचा, किती बोरे नेले?"

"बारा. मोजून." आवाज सपाट होता.

"वजन केलं?"

"बोरे मोजले. पन्नास-पन्नासचे होते म्हने."

"मग?"

"छतावर दोन दिवस वाळवले. मग पिंजले."

"काऊन वाळवले?"

त्याची बायको राबिया आतून म्हणाली, "काऊन म्हंजे? न वाळवता मशीनीत घातली का गाठी होतात. एवढी शिकेल दिसून राह्यली, अन् हे माहीत नाई तुले?"

"म्हणजे ओली होती?"

"रुई थोडी ओलीच राह्यते, बेटा," गुलाम रसूल म्हणाला. "किती, ते कोन मोजते? आमच्यात वाळवूनच पिंजतात."

छताच्या कोपऱ्यात बारा रिकामे बोरे होते. आतून प्लास्टिकचं अस्तर. तिनं नाक लावलं. कुबट वास.

दुसऱ्या दिवशी मुख्याधिकारी, हिंमतराव, गुलाम रसूल सगळे गोदामात जमले. हिंमतराव हसला. "पानी तपासनारी पोरगी आता रुई तपासून राह्यली! अवो साहेब, त्यानंच लपवली असंन."

"चोर साठही गाद्यांतून सारखीच रुई काढत नाही," अनुपमा म्हणाली. "जिथं हात जाईल तिथून काढतो. इथं प्रत्येक गादी जवळपास तेवढीच हलकी आहे. हे सील तुमचंच?"

"हाव."

तिनं सील तोडलं. वरची रुई पांढरी, कोरडी. तिनं कोपरापर्यंत हात घातला. हातात पिवळी, चिकट रुई आली.

"गोदाम गळलं असंन."

"मग वरची रुई आधी भिजली असती. पाणी सील लागण्याआधी आत सोडलंय. सुकू नये म्हणून प्लास्टिक. रुईच्या बोऱ्याला प्लास्टिक कोण लावतं, हिंमतराव?"



तिनं बोरा ओतला, सगळी रुई एकत्र मिसळली, शंभर ग्रॅम घेऊन कक्षातल्या भट्टीत ठेवली. गादीतली शंभर ग्रॅम तिनं आदल्या दिवशीच वाळवली होती. ती ९२.५ ग्रॅम उरली होती; एवढी ओल रुईत नेहमीच असते.

चार तासांनी तिनं बोऱ्यातली मोजली. ८१.४.

"गादीतून बारा टक्के रुई चोरलेली नाही," ती म्हणाली. "८१.४ ला ९२.५ नं भागलं की ०.८८; म्हणजे बोऱ्यातल्या वजनात बारा टक्के जादा पाणी होतं. बोऱ्यातले दहा किलो छतावर वाळले की आठ किलो आठशे उरतात. चाचांनी जेवढी रुई मिळाली, तेवढी भरली."

मुख्याधिकाऱ्यांनी तक्रारीवरचं गुलाम रसूलचं नाव खोडलं, हिंमतरावचं लिहिलं आणि सही केली.

गुलाम रसूलनं रुमालानं हात पुसले. "पुढच्या गाद्या?"

"तुमच्याच," मुख्याधिकारी म्हणाले.

नवी रुई दुसऱ्या ठेकेदाराकडून आली. घेताना वजन झालं, ओल तपासली गेली. पंधरा दिवसांनी पहिली गादी काट्यावर चढली.

खोळ वजा जाता ९.९८ किलो.