कातडीवरचा किनारा

देवमासा किनाऱ्याला लागल्याची बातमी आली तेव्हा आरेखक पेन्सिलीला टोक काढत होता. सर्वेक्षण कचेरी नेहमीसारखी पेंगत होती. प्राणिसंशोधक बाईंना मेलेल्या देवमाशाचं मापात चित्र हवं होतं. जन्मभर नकाशात किनारा काढलास, आता किनाऱ्यावरचा पाहुणा काढ, म्हणत साहेबांनी त्यालाच धाडलं.

देवमासा वाळूत रुतून पडला होता. वास असा, की डोळ्यांत पाणी यावं. वर आलेल्या कुशीवर जुन्या व्रणांची पांढरी, वेडीवाकडी रेघ होती. ती कागदावर उतरवताना पुढचं वळण नजरेआधी हाताला कळू लागलं, तसा तो थबकला. या खाड्या, ही भूशिरं, बंदराची ही नखाएवढी खोबण... हा तर देशाचा किनारा.

हाताची सवय, दुसरं काय, असं बाईंचं मत पडलं. त्यालाही तसंच मानायचं होतं. म्हणून त्याने ट्रेसिंग कागद थेट कातडीवर धरून रेघ गिरवली, कचेरीत ती मापाने लहान केली आणि नकाशावर ठेवली. तंतोतंत जुळली. फक्त एका जागी रेघेत पाणी आत घुसलं होतं. नकाशात तिथे जमीन होती, आणि त्या जमिनीवर त्याच्या धाकट्या बहिणीचं घर. नवरा गेल्यापासून ती तिथे एकटीच राहायची.

त्याने फोन केला. चार दिवस राहायला ये म्हणाला. वहिनी माहेरी गेली की काय, म्हणून ती हसली. तो हसला नाही.

"दादा, खरं सांग... काय झालंय?"

"काही नाही. तू आजच नीघ."



"विहिरीचं पाणी सकाळपासून खारट लागतंय," ती हलकेच म्हणाली. "मी अजून कुणाला बोलले नाहीये..."

संध्याकाळी ती एक पिशवी घेऊन आली. दुसऱ्या दिवशी उधाण आलं, ते ओसरलंच नाही. घर होतं तिथे आता खाडी आहे, कागदावर गिरवली होती तशीच.

बहीण रडली नाही. जेवताना एकदाच म्हणाली, "आता घर कुठे बांधू, दादा? तू सांगशील तिथे बांधते."

तो घास टाकून उठला आणि तडक किनाऱ्यावर गेला. दुर्गंधी फार सुटली म्हणून मजुरांनी देवमासा होता तसाच पुरला होता. वर सिमेंट ओतून झालं होतं. खालच्या कुशीवरची रेघ पाहिली का, असं त्याने तिथे उभ्या बाईंना विचारलं.

त्याला उलटवून बघायचं राहूनच गेलं, त्या म्हणाल्या.