मांजर मागच्या बाकावर का झोपलं?

"डिझेलचाच हीटर!" बाबा गरजले.

"छे! बॅटरीचा!" काका त्यांच्यावर ओरडले.

सकाळपासून हेच चाललं होतं. जुन्या व्हॅनमध्ये गाद्या, ओटा, कपाटं बसवून दोघा भावांनी तिचं फिरतं घर केलं होतं. आता फक्त हीटरवर घोडं अडलं होतं. आजीने तर निक्षून सांगितलं होतं, "बर्फ बघायची फार हौस आहे रे, पण थंडीत माझे गुडघे आखडतात. गाडी उबदार नसेल तर मी घरीच बरी!"

आजीशिवाय बर्फ? चष्मिस आणि तिचा चुलतभाऊ भोपळ्या यांना ते मुळीच मान्य नव्हतं!

शेवटी सगळे हीटरच्या दुकानात गेले. दुकानदाराने त्यांना दुकानाबाहेरच्या नमुन्याच्या व्हॅनमध्ये बसवलं. बाहेर दात वाजत होते, पण आत मस्त ऊब! पुढच्या दाराजवळच्या डब्याएवढ्या यंत्रावर टिचकी मारत तो म्हणाला, "सगळी याची करामत! गाडीच्या बॅटरीवर रात्रभर चालतो!"

काकांची कॉलर ताठ झाली. बाबांचं तोंड एवढंसं झालं.

"भोपळ्या, मांजर बघ," चष्मिस कुजबुजली. दुकानातलं गलेलठ्ठ मांजर मागच्या बाकावर पसरलं होतं.

"झोपलंय. मग?"

"अरे, हीटर पुढे आणि मांजर मागे? ऊब सोडून मांजर लांब झोपेल का?"

भोपळ्याने यंत्राला हात लावला. जेमतेम कोमट! मग बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने तो बाकाखाली डोकावला आणि डोळे विस्फारून वर आला. "अगं, फळीमागे घरातला मोठा हीटर लपवलाय! त्याची वायर खालून थेट दुकानात गेलीय! उपटू?"

"वेडा आहेस का? पोरांनी मोडलं म्हणेल!" मग चष्मिस मोठ्याने म्हणाली, "काका, एक चक्कर मारूया ना! चालत्या गाडीत किती ऊब राहते ते आजीला कळेल."

"नको नको!" दुकानदार दचकला.

"त्यात काय!" काका टुणकन पुढे बसले. किल्ली गाडीलाच होती. दुकानदार "अहो, अहो" करेपर्यंत गाडी निघालीसुद्धा! खटाक! मागे वायर शेपटासारखी फरफटत होती.

कोपऱ्यावर बाबांनी हात चोळले. पुढच्या वळणावर आजीने शाल ओढली.

"हीटर चालू आहे ना रे?"

"आ-आहे की! दि-दिवा लागलाय!" काकांचे दात कडकडत होते.

मांजर उठलं, आळस दिला आणि आजीच्या शालीत शिरलं. चष्मिसने बाकाखालची फळी सरकवली. "हा बघा खरा हीटर!"

दुकानाशी परतल्यावर आजीने दुकानदाराला असं काही झापलं, की त्याला घाम फुटला. "या वयात मला गारठवून मारायचा विचार होता का?"

दुसऱ्या दुकानातून डिझेलचा हीटर घेतला. डिझेल जळायला लागणारी हवा तो बाहेरून घेतो आणि धूर नळीने बाहेरच सोडतो. पण आधी दोघा पोरांनी त्या दुकानाच्या नमुन्याच्या गाडीतली एकूण एक फळी उघडून पाहिली!

पुढच्या आठवड्यात बर्फात गाडी थांबली. सगळ्यांत आधी आजी उतरली, तीही कुणाचा हात न धरता! तिने बर्फाचा गोळा वळला आणि नेम धरून काकांच्या टाळक्यात हाणला.

"हा तुझ्या बॅटरीचा!" मग पोरांना जवळ घेऊन ती म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून मी इथे आहे रे! शहाणी माझी बाळं!"

काका मानेतला बर्फ झटकत पुटपुटले, "आई, मांजराला विसरलीस!"